मुलाखतीतली चिंच

बी.ए. झाल्यावर पुढं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मलाच पडला होता. बाकी सगळ्यांचं ठरलेलं होतं. मी बी.एड. करणार आणि बाई होणार. मोखाड्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचा पाडा आहे आणि तिथून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पाड्यानं शिकलेल्या बायका दोनच प्रकारच्या बघितल्या होत्या, शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातल्या नर्सबाई. रक्त बघितलं की मला चक्कर येते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून शाळाच.

मला शाळा आवडत नव्हती असं नाही. बी.ए. संपल्यावर मी वर्षभर जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात मदतनीस म्हणून काम केलं. मुलींना उठवायचं, वेण्या घालायच्या, पंगत वाढायची. जून महिन्यात पहिलीच्या नव्या मुली येतात. आईबाप गेटातून बाहेर पडले की त्या रडतात, आणि चारदोन दिवसांत खेळायलाही लागतात. पण एक मुलगी रडलीही नाही आणि बोललीही नाही. पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहायची. मुख्याध्यापकांना वाटलं, हिला ऐकू येत नसावं.

एका दुपारी मी तांदळानं भरलेलं सूप घेऊन तिच्या शेजारी बसले आणि खडे काढू लागले. थोड्या वेळानं तीही खडे काढायला लागली. मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं, "तुमच्याकडं बकऱ्या किती हायेत?"

"दोन व्हत्या," ती म्हणाली. "एक बाबानं इकली."

मग ती जी सुरू झाली ती थांबेनाच. बकरी कुठल्या बाजारात गेली, तिचा कान कसा फाटका होता, ती पावसाला कशी भ्यायची. संध्याकाळी जेवताना मुख्याध्यापकांनी तिला दुरून बघितलं आणि मला म्हणाले, "अहो, हिला आता गप्प बसायला सांगा."

तो दिवस मला फार आवडला. का आवडला हे तेव्हा नीट कळलं नाही. पुढं शाळेत दहावीच्या मुलांशी बोलायला शहरातून एक मॅडम आल्या. त्यांनी काही शिकवलं नाही, मुलांना एकेक करून खोलीत बोलावलं आणि त्यांचं ऐकून घेतलं. चहा देताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही कशाच्या बाई?"

"मी समुपदेशक आहे," त्या म्हणाल्या. "मानसशास्त्रात एम.ए. केलंय."

ऐकून घेण्याची नोकरी असते, आणि त्यासाठी कॉलेज असतं, हे मला त्या दिवशी कळलं. रात्रभर नाही, पण बराच वेळ मी त्याचाच विचार करत होते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कॉलेजातल्या तीन मैत्रिणी जव्हारच्या शिरपामाळावर जाऊन बसलो. तिघींचं बी.ए. बरोबरच झालेलं. पर्यटक फोटो काढत होते आणि आम्ही एका मोबाईलवर तीन डोकी घालून कोर्स वाचत होतो. बी.एड.ला दोन वर्षं, आधी प्रवेश परीक्षा, आणि नंतर शिक्षक पात्रता परीक्षा वेगळीच. ती पास झालं तरी भरतीची वाट बघायची. पुढं शिकायचं असेल तर एम.एड. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करता येतं, त्यात वर्गापेक्षा बाहेरचं काम जास्त. समुपदेशनात पदव्युत्तर डिप्लोमा असतो. आणि मग माझं ते एम.ए. माझ्या बी.ए.ला मानसशास्त्र विषय होता, म्हणून मला अर्ज करता येत होता.

"एम.एस.डब्ल्यू. कर तू," एक मैत्रीण म्हणाली. "पाड्यापाड्यांत फिरशील, लोकांच्या चुलीपाशी बसशील."

"ते तर ती आत्ताही करते," दुसरी म्हणाली. "पगार कोण देतं?"

"आणि हिचं एम.ए.? समोरचा रडला की ही त्याच्या आधी रडणार."

आम्ही एवढ्या हसलो की फोटो काढणाऱ्या एका काकूंनी मागं वळून बघितलं. एकीनं बी.एड. धरलं, एकीनं एम.एस.डब्ल्यू. मी घरी जाऊन सांगायचं ठरवलं.

बाबा पडवीत बसून पेरणीच्या पाभरीची दोरी बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, दोरीची गाठ ओढली आणि विचारलं, "मंजे लोकं येणार आन तुला सांगणार. तू बसणार कठं?"

"म्हणजे?"

"मास्तर शाळेत बसतो. तलाठी हापिसात बसतो. तू कठं बसणार?"

मी शाळेत बसेन, दवाखान्यात बसेन असं काहीतरी पुटपुटले. आई आतून म्हणाली, "बसंल कठंपण. आपली पडवी हाय की."

"तू गप," बाबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी निकाल दिला. बी.एड.ची परीक्षा मी दिली होती आणि त्यात नंबर लागण्यासारखे गुण होते. नाशिकच्या कॉलेजात मी एम.ए.चा अर्ज भरला होता, त्याची मुलाखत होती. तिथं मी एकदा जाऊन यावं. घेतलं तर पुढं बघू. नाही घेतलं तर मुकाट्यानं बी.एड., परत हा विषय काढायचा नाही.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय हे मला ओळखता येत नव्हतं. माणसांचं ऐकायला निघालेल्या मला घरातल्या माणसाचं कळत नव्हतं, याचं मला जरा हसू आलं आणि भीतीही वाटली.

मुलाखतीला बाबा बरोबर आले. निघताना आईनं चिंचेची पिशवी दिली. बाबांची एक चुलत बहीण नाशिकला राहते, तिच्यासाठी. उन्हाळ्यात पाडलेली, सालासकट. "सोलून दिली असती," आई म्हणाली, "पण तिला सोलायला पण आवडतं." एस.टी.त बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले, उतरल्यावर मी ती घेतली आणि त्यांनी माझी फाईल. कॉलेजच्या दारात शिपायानं आत एकटीनंच जा म्हटल्यावर गडबडीत ती पिशवी माझ्याकडंच राहिली. बाबांच्या हातात माझी फाईल आणि माझ्या हातात चिंच, अशी मी आत गेले.

आत एक मॅडम आणि एक सर होते. सरांनी नाव-गाव विचारलं, पिशवीकडं बघितलं. मग म्हणाले, "आता असं समजा, या मॅडम म्हणजे दहावीतली मुलगी आहे. तिनं वर्गात बोलणं सोडलंय. तुम्ही तिच्याशी बोला. आम्ही बघतो."

मॅडमनी लगेच मान खाली घातली. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

"तुला काय होतंय?" मी विचारलं.

मॅडम गप्प.

"कुणी काही बोललं का?"

मॅडम गप्प. त्या इतक्या छान गप्प बसल्या की माझ्याजवळचे प्रश्नच संपले. सर पेनानं टेबलावर हळूहळू टकटक करत होते. मला एवढंच कळत होतं की मी चुकीच्या जागी बसलेय. आमच्याकडं कुणी कुणाच्या समोर बसून, डोळ्यांत बघून मनातलं सांगत नाही. आवणीला बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावतात तेव्हा सांगतात. खळ्यात सांगतात. हात कामात असतात आणि नजर हातांवर असते, तेव्हाच तोंड मोकळं होतं. मग मी उठले, खुर्ची ओढली आणि मॅडमच्या शेजारी ठेवली. आणि पुढं जे केलं ते मी विचार करून केलं नाही. पिशवी उघडली, टेबलावर एक जुनं वर्तमानपत्र होतं ते आमच्या दोघींच्या मधे पसरलं, मॅडमच्या हातात चारपाच चिंचा दिल्या आणि म्हटलं, "एवढ्या सोलू लाग. आत्याला न्यायच्यात."

सरांची टकटक थांबली.

मॅडमनी क्षणभर चिंचेकडं बघितलं. मग साल फोडलं. मीही फोडलं. शिरा ओढून काढायच्या, चिंचोका बाजूला टाकायचा. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "आमच्याकडं चिंचेचं झाड नाही."

"मग काय आहे?"

"काहीच नाही. गच्ची आहे. पण गच्चीवर जाऊ देत नाहीत."

"कोण?"

"आई."

आणि मग त्या दहावीतल्या मुलीनं खरंच सांगायला सुरुवात केली. मी ऐकत होते. माझा आनंद मला आवरेना, आणि तिथंच मी घाई केली. म्हटलं, "तू आईशीच एकदा नीट बोल ना."

मॅडमनी चिंच खाली ठेवली आणि मान वर केली. आता त्या परत मॅडम झाल्या होत्या. "माझी अडचण आईच असली तर?" त्यांनी विचारलं.

"मग... चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच. सल्ला फार लवकर दिलात." त्यांनी बोटं बघितली, ती चिकट झाली होती. "पण खुर्ची का हलवली, ते सांगा."

मी सांगितलं. आवणीचं, खळ्याचं. सर म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांना शेजारी बसायला शिकवायला आम्हाला पहिलं सत्र लागतं. चिंच मात्र अभ्यासक्रमात नाही." ते हसत होते की नाही हे मला खात्रीनं सांगता येणार नाही, पण मला हसू आलं.

"बरोबर कोण आलंय?" मॅडमनी विचारलं. "बोलवा त्यांना. दोन वर्षं इथं राहायचं तर घरच्यांशीही बोलायला हवं."

बाबा आत आले. फाईल छातीशी धरलेली. त्यांनी वर्तमानपत्रावरची चिंच बघितली, मग मॅडमचे हात बघितले, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि एक चिंच उचलून सोलायला लागले. समोर सोलणं चाललंय आणि आपण हात बांधून बसावं, हे त्यांच्या हातांना जमणारच नव्हतं.

"तुमची मुलगी चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमची काही हरकत?"

मला वाटलं, आता ते पुन्हा 'ही कठं बसणार' हेच विचारतील. त्यांनी चिंचोका काढला, बाजूला ठेवला, आणखी एक चिंच घेतली.

"हरकत नाय, मॅडम," ते म्हणाले. "पर एक हाय. आमच्या पाड्यात एक म्हातारी व्हती. सगळ्या बाया तिच्याकडं जाऊन रडायच्या. सगळ्यांचं ऐकायची. शेवटी शेवटी ती कुणाशी बोलायचीच नाय. आख्ख्या गावाचं दुःख पोटात घेऊन बसली." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "लोकं हिला सांगतील. हिचं कोण ऐकंल?"

मी हे वाक्य घरी कधी ऐकलं नव्हतं. इतके दिवस त्यांच्या आवाजात जे होतं ते हेच होतं.

मॅडम मग म्हणाल्या, "हे आमच्याकडं फार थोडे पालक विचारतात. ऐका. इथं शिकणाऱ्या प्रत्येकाला एक मोठा माणूस नेमून दिलेला असतो. मुलीनं दिवसभर दुसऱ्यांचं ऐकलं की तिनं त्याच्याकडं जायचं आणि तिच्या मनात काय राहिलं ते सांगायचं. नोकरी लागल्यावरसुद्धा हे सोडायचं नसतं. ऐकणाऱ्याचं ऐकणारं कुणीतरी असलंच पाहिजे."

"आसं शिकवतात?"

"असंच शिकवतात."

"मंग त्या म्हातारीला कोणी शिकवलंच नाय," बाबा म्हणाले. सोललेली चिंच त्यांनी मॅडमपुढं सरकवली. "घ्या हिला. बी.एड. ऱ्हाऊ द्या."

सर म्हणाले, "अहो, घ्यायचं आम्ही ठरवतो." आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या."

बाहेर आल्यावर नळावर दोघांनी हात धुतले. बाबांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आत्याकडं जेवून आम्ही संध्याकाळची एस.टी. पकडली. शेजारच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, मोखाड्याला निघालेल्या. त्यांनी बाबांना विचारलं, "कठं गेलते बापलेकी?"

"कॉलेजात. हिला घेतली," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"बाई व्हणार?"

"नाय. लोकांचं ऐकून घ्यायचं शिकणार. दोन वर्षं. त्याचंपण कॉलेज आसतं."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सरकून माझ्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मंग आयक बाय. माझी सून हाय ना, ती..."

"ओ मावशी," बाबा मधेच म्हणाले, "आजून शिकली नाय ती. सोमवारपास्नं जाणार."

"सोमवारपत्तर कोण थांबतं?" मावशी म्हणाल्या, आणि घाट सुरू व्हायच्या आत त्यांची सून, सुनेची आई आणि लग्नातली जेवणावळ सगळं माझ्या ओटीत घालून मोकळ्या झाल्या. मी ऐकत होते. बाबा खिडकीबाहेर तोंड करून हसत होते. हसताना त्यांचे खांदे हलतात, ते मला दिसत होतं.