कोऱ्या कागदावरची सही

मी 'माजी' आहे हे मला कोर्टात कळलं. सकाळी नऊला मीच माझ्या किल्लीनं वकीलबाईंचं ऑफिस उघडलं होतं, मीच झाडून घेतलं होतं. आणि साडेअकराला न्यायाधीशांनी वकीलबाईंचं पत्र वाचून दाखवलं, त्यात मी होते 'एक माजी कर्मचारी'. माय गं! आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

पण हे पहिल्यापासून सांगायला हवं.

बावीस वर्षं मी वकीलबाईंची कारकून. बजाजनगरातून बसनं यायचं, अर्ज टाईप करायचे, तारखा डायरीत लिहायच्या, पक्षकारांना फोन करायचे. आम्ही दोघी एकाच वयाच्या, तरी त्या मला अक्का म्हणायच्या आणि मी त्यांना ताई. त्या मला अगं-तुगं करायच्या, मी मात्र अहो-जाहो. तेव्हा कोर्टात बायका वकील बोटांवर मोजण्याइतक्या. पुरुष वकील गालातल्या गालात हसायचे. या बाईनं कुणाला भीक घातली नाही. नवऱ्यानं टाकलेल्या, भावांनी हक्क डावललेल्या बायका यायच्या, खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागायच्या. ताई पाण्याचा ग्लास पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "कोर्टात रडायचं नाय. कागद दाखवायचा."

कन्नड तालुक्यातल्या एका बाईची केस त्यांनी अशीच घेतली. दोन एकर गायरान, सासऱ्यानं दगडं वेचून वहितीला आणलेलं. नवरा गेल्यावर ही एकटी कसत होती. सरकारी जमीन आहे, सोडा, अशी नोटीस आली. ताईंनी कोर्टातून स्टे मिळवला, म्हणजे निकाल लागेपर्यंत तिला कुणी उठवायचं नाही. मग त्या बाईमागं तिच्या विहारातल्या बायका आल्या, त्यांच्यामागं चार गावं आली, मोर्चे निघाले, आणि बघता बघता ताई लोकसभेला उभ्या राहिल्या. पत्रकावर ताईंच्या शेजारी त्या बाईचा फोटो. निवडून आल्या, दिल्लीला गेल्या. आम्ही इथं हवेत.

खासदार झाल्या तरी त्यांनी वकिली सोडली नव्हती. आणि आमच्याकडं एक रीत होती. बऱ्याच ठिकाणी असते, कबूल कुणी करत नाही. बाहेरगावी जायच्या आधी ताई कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर खाली सह्या करून ठेवायच्या. केसची तारीख आली की मी वर मुदतीचा अर्ज टाईप करायचा, कोर्टात द्यायचा, पुढची तारीख घ्यायची. कित्येक वर्षं असंच चाललं, कुणाचं काही बिघडलं नाही.

मग ताई केंद्रात मंत्री झाल्या. शपथविधी मी टीव्हीवर बघितला. गल्लीत पेढे वाटले, भेटेल त्याला सांगत सुटले. दुसऱ्याच दिवशी गायरानाच्या केसची तारीख. मी सवयीनं कपाटातला कागद काढला, आजची तारीख घालून अर्ज टाईप केला, नेऊन दिला. मंत्र्याला वकिली करता येत नाही, हे बावीस वर्षं कोर्टात काढलेल्या बाईला कळू नये? लाज वाटते सांगायला. आनंदाच्या भरात अक्कल गहाण टाकली होती मी.

सरकारी वकिलांनी अर्ज खालीवर बघितला. "साहेब, बाई काल दिल्लीत शपथ घेत होत्या. आज इथं सही कशी काय?" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ताईंकडून खुलासा मागवला, आठ दिवसांनी या म्हणाले. मी दिल्लीला फोन लावत राहिले. मॅडम मीटिंगमध्ये आहेत, एवढंच उत्तर. तरी मी निर्धास्त. म्हटलं, ताई हायेत ना, सांभाळून घेतील.

आणि आठ दिवसांनी ते पत्र. 'सदर सही माझी नाही. एका माजी कर्मचाऱ्याने माझ्या नावाचा गैरवापर केलेला दिसतो.'

सरकारी वकील बोलत होते ते जेमतेम कानावर पडलं. अर्जच खोटा, म्हणजे मागच्या तारखेला या बाईतर्फे कुणी हजरच नव्हतं, तेव्हा स्टे उठवा. न्यायाधीश म्हणाले, जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकतो. मागच्या बाकावर कन्नडची बाई बसली होती. तिला काही कळलं नव्हतं, ती माझ्याकडं बघत होती.

बाहेर आले आणि फोन वाजला. खुद्द ताई.

"अक्का, तुम्ही माफीनामा लिहून द्या. पुढचं मी मिटवते. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

तुम्ही! बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"आन् गायरान, ताई?"

"ते नंतर बघू."

फोन बंद. मी तिथंच पायरीवर बसले. नंतर म्हणजे कधी? जेसीबी बांधावर आल्यावर? कन्नडची बाई जवळ आली, काय म्हणती ताई, विचारायला लागली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं, आता ही शिव्या घालील, तिचा हक्कच होता. तिनं एवढंच विचारलं, "सही तिचीच हाय ना?"

"तिचीच. माझ्यासमोर केलेली."

"मंग रडती कशापायी? तीच सांगायची ना, कागद दाखवायचा म्हणून. दाखव की."

ऑफिस रस्त्यापलीकडंच. कपाटात अकरा कागद उरले होते. वर कोरे, खाली ताईंची सही. ते दाखवले तर ताईंचं काय होईल हे मला कळत होतं, आणि माझंही. क्षणभर वाटलं, फाडून टाकावेत. मग जिन्यात त्या बाईच्या चपलांचा आवाज आला. मी गठ्ठा उचलला.

न्यायाधीशांनी अकराच्या अकरा कागद मांडले, शेजारी अर्ज ठेवला. एकेक सही ताडून बघितली. "हे तुम्हाला कुणी दिले?"

"ताईंनी," मी म्हटलं. "मंत्रीबाईंनी."

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीश म्हणाले, वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको. नवा वकील मिळेपर्यंत स्टे कायम. सह्यांची चौकशी वेगळी होईल, त्यात मलाही उत्तर द्यावं लागेल. कन्नडची बाई हात जोडून उभी होती. मग पेरणीची घाई आहे म्हणून दुपारच्याच एसटीनं निघून गेली.

संध्याकाळी मी ऑफिसला कुलूप लावत होते तेव्हा ताईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"अक्का, काय केलंस गं हे?"

पुन्हा 'तू' झाले होते मी.

"कागद दाखवला, ताई," मी म्हटलं. "रडले नाय."

त्यातलं दुसरं खोटं होतं.