राखीव शब्द

सई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कॉलेजचा प्रोग्रॅम लिहीत होती, मी समोर मेथी निवडत होते. तिने दिलेल्या एका नावाखाली लाल रेघ आली.

"काय बिघडलं गं?"

"'गोटू' राखीव शब्द आहे, मावशी. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेने तो स्वतःकडे ठेवलाय. आपल्याला नाव म्हणून घेता येत नाही."

"ती कशासाठी वापरते?"

"कशासाठीच नाही! स्वतः वापरत नाही आणि दुसऱ्याला देत नाही. आहे की नाही खडूसपणा?"

ती हसली. सईची आई गेल्यावर तिच्या वडिलांशी लग्न करून मी या घरात आले. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तिला मावशीच म्हणू दे गं." त्यात वावगं काही नव्हतं. डबे, ताप, पालकसभा, सगळं त्या नावावर नीट पार पडलं. सईच्या तोंडून मात्र 'आई' हा शब्द मी कधी ऐकला नाही, फोटोला हार घालतानाही नाही. शब्द वापरात नसला म्हणून तो मोकळा असतो असं नाही.

सईने नाव बदललं. प्रोग्रॅम सुरळीत चालला.

"बघ मावशी, दुसऱ्या नावानेही काम होतंच."

"काम होतंच," मी म्हटलं.