पुसलेली पाटी

समोरच्या बारच्या दारात खडूने लिहिलेली पाटी असायची: ‘सातपर्यंत एकावर एक फ्री.’ सातच्या आत दुसरा ग्लास मागवायचा, म्हणून आमचे हे ऑफिसातून थेट तिथेच जायचे. मग दारूवरच्या सवलती बंद करणारा नियम आला. मॅनेजरने ओल्या फडक्याने पाटी पुसली, तेव्हा गॅलरीत मला केवढं हायसं वाटलं!

आज हे पुन्हा लगबगीने रस्ता ओलांडताना दिसले. मी वरूनच ओरडले, “अहो, आता फुकट काही नाही तिथे!”

“माहीत आहे गं,” म्हणाले, आणि घड्याळ बघत आत शिरले.

नियम पाटीपर्यंत पोचतो; पायांना कोण सांगणार?

सात कधीच वाजून गेले. पाटी वाळली आहे, आणि तिच्यावरची पुसट अक्षरं मला इथूनही वाचता येतात.