भिंतीलगतची जागा

दामूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत पहिल्या पाळीला होतो. "दादा गेला..." एवढंच बायको बोलू शकली. सातपाटीला त्याच्या घरी पोचेपर्यंत मला रडू नाही, राग येत होता. छातीचं दुखणं त्याने अंगावर काढलं होतं. कोणाचं ऐकायचं नाही, हा त्याचा बाणाच.

दादा माझ्या बायकोचा मोठा भाऊ. होड्या बांधणारा सुतार, आणि हात असा की बघत राहावं. पण फायबरच्या होड्या आल्या, लाकडाचं काम आटलं, तसा तो बोईसरच्या फ्लॅटांमधून वुडन फ्लोअरिंग करू लागला. पहिलं काम कुंभवलीला, आमच्याच घरी, भर मे महिन्यात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्या पाट्या त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा घट्ट बसवल्या की नख शिरेना. आमच्या कंपनीत पावसाळ्यात पुठ्ठेसुद्धा फुगतात, हे मी दरवर्षी बघतो. म्हटलं, "दादा, भिंतीलगत करंगळीएवढी जागा सोडा. वरून पट्टी मारली की दिसणार नाही." तो हसला. "पावने, तुमी घाटावरचे. होडीची फली पान्यात फुगते तवाच सांधा घट्ट बसतो. फुगू दे की!"

होडीच्या फळीने फुगून पाणी अडवायचं असतं. घरातल्या पाटीला फुगून जायला जागाच नसते. श्रावणात आमच्या हॉलची जमीन मधोमध उंटाच्या पाठीसारखी उठली. दादा आला, कडा तासल्या आणि पुन्हा भिंतीला भिडवून बसवल्या. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मी ओरडलो, तर म्हणाला, "मालच खराब हाय." गिऱ्हाइकांकडेही हेच चाललं होतं. एकेक काम सुटत गेलं. मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या वहिनींवर घर येऊन पडलं. माझा जीव तुटायचा आणि जीभ सुटायची. शेवटच्या गणपतीत तो आमच्याकडे जेवला, फुगलेल्या जमिनीकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

तेराव्यानंतर आम्ही त्याच्या घरची मागची खोली आवरत होतो. लेकीच्या बाळंतपणासाठी ती त्याने गेल्याच वर्षी नवी केली होती. तीच जमीन, तशाच पाट्या, पण कुठे उंचवटा नाही. पलंग सरकवताना भिंतीकडची पट्टी निघाली, आणि खाली... करंगळीएवढी जागा. मी दुसरी पट्टी उचकटली, तिसरी उचकटली. चारही बाजूंना सोडलेली.

"तुमी सांगितलेली तशीच सोडलीय, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सगला पावसाला गेला, जराबी फुगली नाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीच सांगनार होती. तर बोलले, पावन्यांना सांगू नको, जनमभर ऐकवतील."

वहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. मला हसू आलं नाही. ऐकवलं असतंच की! दर सणाला, जेवणाच्या पानावर ऐकवलं असतं... आणि दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची दारं ठोठावली असती, की दादाला आता हे जमतं, त्याला काम द्या. तेवढं तरी करू द्यायचं होतं मला. पट्टी परत ठोकायला मी हातोडी उचलली, पण ती जागा काही मला झाकवेना.