मागचं दार बाहेरूनच उघडतं

ड्रायव्हिंग क्लासवाल्या नानांची अट ऐकून मी पहिल्याच दिवशी भडकले. शिकणार पोरगी, पण आईबापांपैकी एकाने रोज मागच्या सीटवर बसायचं. म्हटलं, "मी कशाला? मला कुठे या वयात गाडी शिकायचीय?" नाना हलले नाहीत. आख्खा जन्म एसटी चालवण्यात गेलेला, माझ्यासारख्या छप्पन्न बायका त्यांनी अमळनेरच्या स्टँडवर बघितलेल्या. म्हणाले, "अक्का, क्लास संपल्यावर गाडीत तिच्यासोबत मी नसणार, तुम्ही असणार. तुम्हालाच आधी शिकवावं लागतं."

नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागतं. येताना एसटीच्या धक्क्यांनी तो अर्धमेला व्हायचा. म्हणून आम्ही जुनी का होईना, गाडी घेतली. चालवायला शेजारणीचा भाचा, त्याचा एक कान कायम मोबाइलला. शेवटी नुकतीच अठराची झालेली लेक म्हणाली, पप्पांना मीच नेणार. मी हो म्हटलं. नाही म्हणायला जागाच कुठे होती? पण हो म्हटल्यावर लक्षात आलं. नवरा आणि लेक, माझं सगळं घरच एका पत्र्याच्या डब्यात बसून महामार्गाने जाणार होतं. एकाला काही झालं तर दुसरा आहे, एवढीसुद्धा सोय त्यात नव्हती.

क्लासच्या गाडीत मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक. आतून कितीही ओढा, दार उघडायचं नाही. कोणा एका बापाने म्हणे घाबरून चालत्या गाडीचं दार उघडलं होतं, तेव्हापासूनची ही सोय. काचाही पुढूनच खाली व्हायच्या. आमच्याकडे मार्चमध्येच डांबर पाघळतं, आणि मी त्या भट्टीत घामाघूम, मांडीवर पर्स घट्ट धरून. समोर लेकीची वेणी, तिच्या पलीकडे रस्ता. पुढे लेकीच्या पायाशी ब्रेक, नानांच्या पायाशीही ब्रेक, माझ्या पायाखाली नुसती चटई. ती मी इतकी दाबली की संध्याकाळी पोटरीत गोळे यायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी धुळे रोडला एका शिवारातून कडब्याची ट्रॉली रस्त्यात तोंड काढताना दिसली आणि मी किंचाळले, "माय वं! थांब, थांब!" लेकीने घाबरून कचकन ब्रेक मारला. गाडी भर रस्त्यात बंद. मागून ट्रकचा ब्रेक करकरला, हॉर्न असा वाजला की कानठळ्या बसल्या. मी वळून पाहिलं तर मागच्या काचेत फक्त ट्रकची जाळी. दार ओढलं, उघडेना. पुन्हा ओढलं. देवा, तेव्हाचं ते ओढणं अजून बोटांत आहे.

नानांनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग लेकीला नाही, मागे वळून मला अहिराणीत म्हणाले, "ट्रॉली थांबेल होती, अक्का. पोरनी देखेल होती. गाडीमा दोन ब्रेक शेतस, एक पोरना, एक मना. तिसरा नको." ट्रॉली थांबलेली होती, लेकीने ती पाहिलीही होती; तिसरा ब्रेक म्हणजे माझी किंकाळी.

माझा इतका संताप झाला! आईने ओरडायचंही नाही? दुसऱ्या दिवशी नानांनी गाडी सुरू व्हायच्या आधी माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विरघळली की दुसरी. लेक आरशातून बघत म्हणाली, "आई, चावायची नाही हं, चघळायची." दोघांनी मिळून माझी पार शाळकरी पोर करून टाकली होती. पण बसले. न बसून सांगते कुणाला? महिनाभर लिमलेट चघळून जिभेची साल निघाली, आणि ओरड गिळायची कशी ते मात्र येत गेलं.

लायसन्स मिळाल्यावर आमच्या गाडीतून पहिली खेप निघाली. नवरा पुढे, मी मागे. निघताना लेकीने न विचारता माझ्या हातात गोळी दिली. धुळ्याच्या अलीकडे महामार्गावर दुभाजकातली वाट लांब आहे, म्हणून तिथले लोक सर्रास उलट्या बाजूने येतात. तसाच एक दूधवाला, मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन लटकवलेला, आमच्या कडेने सरळ अंगावर येत होता. उजवीकडे ट्रक पुढे काढत होता. ओरड घशापर्यंत आली. मी गोळी दातांत धरली, दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि डोळे उघडे ठेवले.

लेकीने अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलला. हळूहळू गाडी मंद केली, ट्रकला जाऊ दिलं, मग उजवीकडे सरकली. दूधवाला मान हलवत निघून गेला.

डुलकी मोडून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, पप्पा."

दवाखान्यासमोर गाडी लावून तिने आधी बापाला उतरवलं. त्याचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं पायऱ्यांकडे निघाली. मी दार ओढलं. उघडेना. कार्टीने सकाळीच चाइल्ड लॉक लावून ठेवलं होतं!

काच ठोकायला हात उचलला, पण ठोकली नाही. काचेतून बघत राहिले. दोघं सावकाश एकेक पायरी चढत होती. मला रडू फुटलं. गोळी केव्हाच संपली होती, तरी माझ्या तोंडातून आवाज निघेना.

थोड्या वेळाने ती धावत आली, बाहेरून दार उघडलं.

"अगं आई, हाक तरी मारायचीस ना!"