चॅटवर कधीच न अडखळलेला हेमंत

हेमंत काल गेला. त्याला गप्प मात्र मी खूप वर्षांपूर्वीच केलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी डोंबिवलीतल्या एका सायबर कॅफेत, तो ठाण्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. इंग्लिश अक्षरांत मराठी टाईप करायचो.

चॅटरूममध्ये त्याने नाव घेतलेलं 'चिंबोरी'. ठाण्यातल्या कोपरीचा कोळी तो. चिंबोरी म्हणजे खेकडा, आणि वादात हा तसाच धरायचा, सोडायचा नाही.

ठाणे भारी की डोंबिवली, यावर आमची रोज जुंपायची. मी एक ओळ टाईप करेपर्यंत त्याच्या तीन येऊन पडलेल्या असायच्या. रूममधले बाकीचे निव्वळ आमचं भांडण बघायला यायचे.

फोन नंबर मागितला की विषय बदलायचा. मला वाटायचं, भाव खातोय. शेवटी हट्टाने मीच त्याला डोंबिवलीला बोलावलं.

स्टेशनजवळच्या हॉटेलात समोर येऊन बसला. उंच, देखणा, हसरा.

आणि "कसा आहेस" एवढं म्हणायला त्याला इतका वेळ लागला की मी टेबलाकडे बघायला लागलो. मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले, आणि शब्द काही बाहेर येईना.

वेटर आला. हेमंतने तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. मी म्हटलं, "दोन मसाला डोसा."

त्याने मुकाट्याने खाल्ला. तासभर मीच बोललो. त्याची वाक्यंही मीच पूर्ण केली. वर मनात, आपण केवढी मदत करतोय.

दुसऱ्या दिवशी चॅटवर त्याची ओळ आली, "मना मिसल पायजे व्हती, गाढवा."

एरवी मी चार शिव्या हाणल्या असत्या. तेव्हा टाईप केलं, "सॉरी रे. सावकाश सांग, घाई नाही."

सावकाश. त्याला. चॅटवर.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी रूममधल्या एकेकाला वेगळं गाठून सांगितलं, बिचाऱ्याला बोलायला त्रास होतो, जरा सांभाळून घ्या.

मग काय, हेमंत प्रत्येक वाद जिंकायला लागला. ठाणे भारी? हो रे, बरोबर आहे तुझं.

शेवटी त्याने विचारलं, "सगल्यांना सांगितलंस ना?"

मी टाईप केलं, "हो. तुझ्यासाठीच रे."

"इथं मी अडकत नव्हतो रे," एवढं लिहून तो गेला. त्या नावाने परत कुणी आलं नाही.

डोंबिवलीहून ठाणे ते किती लांब. पण एकदाही गेलो नाही. लाज वाटायची. आणि पुन्हा त्याच्यासमोर तसं बसायची भीतीही वाटायची.

रूममधल्या एका जुन्या मित्राने तो गेल्याचं कळवलं, तेव्हा आज गेलो, कोपरीला, त्याच्या घरी. वहिनींना सांगितलं, जुना मित्र आहे. राहवलं नाही म्हणून विचारलं, "घरात बोलायचा का तो?"

"बोलायचे म्हणजे? भांडायचे," वहिनी म्हणाल्या. "एकेका शब्दाला वेळ लागायचा त्यांना. मी गॅस बंद करून उभी राहायचे. त्यांचं सगळं बोलून झालं, की मग मी सुरू व्हायचे."

बाहेर आलो आणि तिथेच पायरीवर बसून रडलो. खोटं कशाला सांगू.

हेमंत, चुकलो रे.

नीट जा.