कार्डावरचं नाव

कव्हर पुस्तक मळू नये म्हणून घालतात. काल वाचनालयात ग्रंथपाल काका एका कवितासंग्रहाला ते घालत होते, पुस्तक दिसू नये म्हणून. त्यातल्या कवितांवरून सध्या मोर्चे निघतायत.

"सकाळी चौघं आले होते. हे कोण वाचायला नेतं विचारत होते. उद्या परत येणारेत," काका म्हणाले.

पुस्तकाच्या शेवटी लावलेल्या कार्डावर एकच नाव होतं, माझं. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून पूर्ण नाव ठसठशीत लिहायची सवय.

"खोडू का, पोरी?"

"राहू द्या. पदवी काय नाव लपवायला घेतली?"

घरी आले. अण्णा ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांनी आयुष्यात एक पुस्तक वाचलेलं नाही. पण कार्डावर मधलं नाव त्यांचंच आहे.